ढगांवरच्या उल्का ऐकण्यासाठी: साताऱ्याहून दिल्ली, सांगलीहून कोलकाता

प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या उत्तर पायथ्याशी घर आहे. ऑगस्टमध्ये ययातीचा (पर्सिड्स) उल्कावर्षाव भरात असतो तेव्हा आभाळ उघडतच नाही. म्हणून उल्का रेडिओवर ऐकण्यासाठी आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) घेतला, गच्चीवर यागी (एका दिशेला रोखलेली काड्यांची अँटेना) लावली आणि १४३.०५० मेगाहर्ट्झवर दोन रात्री कान लावला. खरखरीपलीकडे काही आले नाही. मिरजेच्या मित्राचाही हाच अनुभव. अँटेना चुकली की रिसीव्हर?

दोन्ही ठीक असण्याची शक्यता जास्त आहे. चुकले ते केंद्र. १४३.०५० मेगाहर्ट्झ ही फ्रान्समध्ये दिजाँजवळ असलेल्या ग्रेव्हज रडारची वारंवारता. युरोपातले हौशी लोक तिच्यावर उल्का ऐकतात, म्हणून इंटरनेटवरच्या बहुतेक मार्गदर्शनांत तीच सापडते. साताऱ्याहून ते ठिकाण सुमारे ७ हजार किलोमीटरवर आहे आणि उल्केच्या आधाराने रेडिओलहर जास्तीत जास्त २२०० किलोमीटर जाते.

हा २२०० चा आकडा कुठून आला ते नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी निवड त्यावर उभी आहे. उल्केचा कण साधारण ८० ते १२० किलोमीटर उंचीवर जळतो आणि मागे आयनीभूत (विद्युतभारित) वायूचा लांबट माग सोडतो. तो माग क्षणभर आरशासारखे काम करतो. दूरच्या केंद्राची लहर एरवी आपल्या डोक्यावरून अवकाशात निघून जाते. ती या मागावर आपटून आपल्याकडे वळते. त्यासाठी माग केंद्रालाही दिसला पाहिजे आणि आपल्यालाही. १०० किलोमीटर उंचीवरची वस्तू क्षितिजावर टेकलेली दिसते ती सुमारे ११०० किलोमीटरवरून. दोन्ही बाजूंचे मिळून २२००. प्रत्यक्षात १८०० च्या पुढे जाऊ नये, कारण तिथे माग क्षितिजाला इतका चिकटतो की एखादी टेकडी किंवा शेजारची इमारतही तो झाकते.

खालची मर्यादाही तितकीच महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे फार कोणी लक्ष देत नाही. प्रवासी विमान ११ किलोमीटर उंचीवर उडते. विमानाचे पत्रेही रेडिओलहर परावर्तित करतात. त्या उंचीवरून क्षितिज ४३० किलोमीटरवर असते, म्हणजे विमानाच्या आधाराने ८६० किलोमीटरपर्यंतचे केंद्र ऐकू येऊ शकते. आपल्या आकाशातून मुंबई-बंगळूर विमाने दिवसरात्र जातात. केंद्र ९०० किलोमीटरच्या आत निवडले तर विमाने आणि उल्का वेगळ्या करण्यातच तुमचा जन्म जाईल. ९०० च्या पुढचे निवडले की हा घोळ भूमितीनेच मिटतो.

लांबच्या केंद्राचा आणखी एक फायदा आहे. बारीक उल्केचा माग तयार होताच पसरू लागतो आणि त्याचा प्रतिध्वनी विरत जातो. विरण्याचा काळ तरंगलांबीच्या वर्गावर अवलंबून असतो आणि लहर मागावर जितकी तिरपी आपटेल तितका वाढतो. १०० मेगाहर्ट्झला, ९५ किलोमीटर उंचीवर, सरळ डोक्यावरून परतणारा प्रतिध्वनी सेकंदाच्या शंभराव्या भागात विझतो. तोच माग १२५० किलोमीटरच्या तिरप्या वाटेवर पाव सेकंद टिकतो. कानाला पहिला टिचकीसारखा वाटेल, दुसऱ्यात गाण्याचा एखादा सूर ओळखू येतो.

आता केंद्र कोणते? ग्रेव्हजसारखी अखंड, एकसुरी, उघडी लहर आपल्या टप्प्यात नाही. जुन्या लेखांत दूरदर्शनच्या खालच्या पट्ट्यातल्या वाहिन्या सुचवलेल्या असतात, पण ते ॲनालॉग प्रक्षेपक जवळपास सगळे बंद झाले. उरतो तो ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा एफएम पट्टा. उल्केसाठी ५० मेगाहर्ट्झ याहून चांगले, कारण तिथे प्रतिध्वनी चौपट टिकतो. पण आपल्याकडे रात्रंदिवस चालणारी, १० ते २० किलोवॅटची आणि ताकद क्षितिजाकडे फेकणारी केंद्रे आहेत ती एफएमचीच. आकाशवाणीच्या महानगरांतल्या केंद्रांपासून सुरुवात करा.

साताऱ्यासाठी माझी पहिली पसंती दिल्लीच्या एफएम रेनबोला, १०२.६ मेगाहर्ट्झ. अंतर सुमारे १२५० किलोमीटर, दिशा उत्तरेपासून १५ अंश पूर्वेकडे. तुमच्या घराला हे विशेष जुळते. १०२.६ च्या अगदी शेजारी, १०२.७ वर, कोल्हापूर आकाशवाणी आहे आणि एफएमचा एक प्रवाह दोन्हीकडे शंभर शंभर किलोहर्ट्झ पसरतो. एरवी हे केंद्र दिल्लीवर बसले असते. पण कोल्हापूर तुमच्या दक्षिणेला आहे आणि मध्ये अजिंक्यतारा उभा आहे. पायथ्याशी किल्ला दक्षिणेचे पंधरा अंशांच्या आसपास आकाश अडवतो, आणि यागीची पाठही तिकडेच असते. म्हणजे घराच्या जागेमुळे ज्या दिशेची अडचण वाटत असेल तीच इथे ढाल आहे. उत्तरेचे चंदन-वंदन, वैराटगड दिसले तरी लांब आहेत, दीड-दोन अंशांपेक्षा वर येत नाहीत. दिल्लीच्या वाटेवरचे माग ६ अंशांवर येतात. तेवढे मोकळे आहे की नाही हे हाताने मोजता येते: हात पूर्ण लांब करून मूठ धरली की १० अंश, मधली तीन बोटे धरली की ५.

चेन्नईचे रेनबो १०१.४ वर आहे, अंतर ८४५ किलोमीटर. मी ते सुचवत नाही. अंतर विमानांच्या मर्यादेत येते, दिशा आग्नेयेची म्हणून किल्ल्याची सोंड आड येते आणि त्याच दिशेला ६५० किलोमीटरवर बंगळूरचे १०१.३ आहे. तमिळ ऐकू आले की कन्नड यावर वाद घालत बसाल.

मिरज-सांगलीचे गणित वेगळे. क्षितिज कृष्णेच्या सपाटीमुळे छान मोकळे, पण कोल्हापूर ४० किलोमीटरवर आणि मध्ये अडवायला काही नाही. तिथे १०२.६ विसरा. त्याऐवजी कोलकात्याचे रेनबो, १०७.० मेगाहर्ट्झ, घ्या. अंतर १५७५ किलोमीटरच्या आसपास, दिशा पूर्वेपासून २५ अंश उत्तरेकडे. इथेही एक शेजारी आहे: मुंबईचे १०७.१. ते ३०० किलोमीटरवर, वायव्य-उत्तरेला. कोलकात्याकडे तोंड केले की मुंबई जवळजवळ काटकोनात येते, आणि आडव्या यागीला काटकोनातले सर्वांत कमी ऐकू येते. तरी विमानांमुळे मुंबई अधूनमधून डोकावणारच. कसे ओळखायचे ते पुढे सांगतो.

केंद्र पक्के करण्याआधी दोन वेळा पट्टा तपासा, एकदा दुपारी आणि एकदा रात्री दहानंतर. निवडलेल्या वारंवारतेवर आणि तिच्या दोन्ही बाजूंना १०० किलोहर्ट्झवर अखंड खरखर असली पाहिजे. तिथे कितीही पुसट, पण सतत चालणारे केंद्र असेल तर ती वारंवारता बाद. केंद्रांच्या वारंवारता कधीमधी बदलतात, नवी छोटी पुनःप्रक्षेपण केंद्रे सुरू होतात, म्हणून दर मोसमाच्या सुरुवातीला ही तपासणी पुन्हा करा. अँटेनावर घालवाल त्याच्या दुप्पट वेळ यावर घालवा. रिकामी वारंवारता मिळाली नाही तर उत्तम अँटेनाही काही करू शकत नाही.

अँटेना तीन काड्यांची यागी पुरे. १०२.६ साठी, १० मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियम नळीची मापे अशी: मागचा रिफ्लेक्टर १४४ सेंटिमीटर, मधला डायपोल १३६ (मधोमध २ सेंटिमीटर फट धरून, दोन तुकड्यांत), पुढचा डायरेक्टर १२९. दोन्ही अंतरे ५८ सेंटिमीटर. बूम (काड्या बसवायचा दांडा) सव्वा मीटरचा, पीव्हीसी पाइपचा घेतलात तर मापांत दुरुस्ती करावी लागत नाही. धातूच्या बूमला काड्या थेट टेकवल्या तर लांबी थोडी वाढवावी लागते. १०७.० साठी सगळी मापे ०.९६ ने गुणा. साध्या डायपोलपेक्षा सुमारे ५ डेसिबल जास्त मिळतात आणि तोंडाची रुंदी ६० अंशांच्या जवळपास असते, म्हणून दिशा चार-पाच अंश चुकली तर बिघडत नाही. जास्त काड्या लावायचा मोह होतो. लावू नका. प्रतिध्वनी येतात ते सरळ वाटेच्या दोन्ही बाजूंच्या आकाशातून, आणि अरुंद तोंडाची अँटेना नेमका तो भाग कापते.

केबल डीटीएचची आरजी-६ चालेल. ती ७५ ओहमची आहे, डोंगल ५० चा. ऐकण्यासाठी हा फरक नगण्य. २० मीटरला दीड डेसिबल जाते. डायपोलच्या फटीच्या दोन टोकांना केबलची तार आणि जाळी जोडा आणि तिथेच केबलचे दहा-बारा सेंटिमीटर व्यासाचे सहा-सात वेढे घालून बांधा. वेढे घातले नाहीत तर केबलची जाळी स्वतःच अँटेना होते आणि घरातल्या एलईडी दिव्यांची, इन्व्हर्टरची घरघर वर नेऊन डोंगलला पाजते. जोड उघडा ठेवू नका. साताऱ्याच्या पावसात केबलमध्ये पाणी एकदा शिरले की ते जाळीतून खाली उतरत जाते आणि सिग्नल हळूहळू मरतो. जोडाखाली केबलला एक लोंबता वळसा द्या आणि वर स्वतःला चिकटणारी रबरी टेप गुंडाळा. पीव्हीसीची साधी काळी टेप एका पावसाळ्यात सुटते.

उंची किती? लोक म्हणतात जितकी जास्त तितकी चांगली. इथे तसे नाही. जमिनीवरून परतलेली लहर आणि थेट आलेली लहर यांची बेरीज-वजाबाकी होते, आणि कोणत्या कोनावर बेरीज पडेल ते उंची ठरवते. दिल्लीच्या ६ अंशांसाठी जमिनीपासून साडेसहा-सात मीटर उत्तम. म्हणजे एकमजली घराची गच्ची आणि तीन मीटरचा पाइप. कोलकात्याच्या साडेतीन अंशांसाठी १२ मीटर हवेत, म्हणून मिरजेच्या मित्राने तिसऱ्या मजल्याची गच्ची शोधावी. अँटेना वर तिरकी करायची गरज नाही, आडवीच ठेवा.

अँटेनाजवळ ॲम्प्लिफायर लावू नका. १०० मेगाहर्ट्झला आकाशगंगेचाच गोंगाट डोंगलच्या स्वतःच्या गोंगाटापेक्षा सहसा वरचढ असतो, त्यामुळे वाढवून हाती काही लागत नाही. उलट गावातल्या एफएम केंद्राचा जोर वाढून डोंगल गुदमरतो.

हे गुदमरणे साताऱ्यात सर्वांत मोठी अडचण ठरेल, म्हणून त्यावर थांबतो. डोंगलमध्ये ८ बिटचा परिवर्तक असतो. मोठा आणि लहान आवाज एकाच वेळी पेलायची त्याची ताकद ५० डेसिबलच्या आसपास. शहराजवळचे केंद्र त्याला भरून टाकते आणि मग नसलेली केंद्रे पट्टाभर दिसू लागतात. बाजारात मिळणारा एफएम अडवणारा फिल्टर इथे निरुपयोगी, कारण आपल्याला ऐकायचे तेही एफएममध्येच आहे. खरा उपाय गेन, म्हणजे डोंगल सिग्नल किती पट वाढवतो ते. एजीसी (गेन आपोआप कमीजास्त करणारी सोय) कायमची बंद करा; ती चालू असेल तर प्रतिध्वनी येताच गेन खाली येतो आणि मोजमाप खोटे ठरते. मग गेन शून्यापासून वाढवत जा. अँटेनाची पिन काढली आणि लावली तर तळाच्या खरखरीत स्पष्ट फरक दिसू लागेल, तिथे थांबा. आता गेन ३ डेसिबलने कमी करून पाहा. पट्ट्यावरचे प्रत्येक केंद्र ३ नेच खाली आले पाहिजे. एखादे ८-१० ने कोसळले किंवा गायबच झाले तर ते डोंगलच्या पोटातले भूत होते. भुते जाईपर्यंत गेन उतरवा. केबलला समांतर उघड्या टोकाचा पाव तरंगलांबीचा तुकडा जोडून गावचे केंद्र दाबता येते (१०० मेगाहर्ट्झला आरजी-६ चा सुमारे ६२ सेंटिमीटर), पण त्याची खाच रुंद असते. हवी असलेली वारंवारता गावच्या केंद्रापासून चार-पाच मेगाहर्ट्झ दूर असेल तरच तो उपयोगी, एरवी तो तुमचा सिग्नलही खातो.

डोंगल संगणकाला चिकटवू नका; तीन मीटरची यूएसबी केबल आणि दोन्ही टोकांना फेराइट. डोंगल नसेल तर जुना कार स्टीरिओ उत्तम काम देतो. खिशातले डिजिटल ट्यूनिंगचे छोटे रेडिओ मात्र नकोत: सिग्नल अशक्त झाला की ते आवाज आपोआप दाबतात, आणि आपल्याला हवा असतो तो नेमका अशक्त सिग्नलचा पाव सेकंद.

आता कानाला काय येईल? एफएम मोड, स्क्वेल्च (अशक्त सिग्नलला आवाज बंद करणारी सोय) पूर्ण उघडा. अखंड खरखर चालू असेल. मग अचानक ती मावळते आणि त्या फटीतून शब्दाचा तुकडा, सतारीची एखादी तार, वार्तांकनाचे दीड अक्षर येते आणि खरखर पुन्हा मिटते. बहुतेक प्रतिध्वनी एका सेकंदाच्या आत संपतात. मोठ्या कणाचा माग इतका दाट असतो की लहर आत शिरूच शकत नाही. तो काही सेकंद, क्वचित मिनिटभर टिकतो आणि वरच्या वाऱ्याने वाकडातिकडा होताना आवाज चढउतार करतो. त्या उंचीवरचे वारे हा आपल्या भागात अभ्यासाचाच विषय आहे. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे रडार तेच मोजत आले आहे.

चित्रफितींत ऐकू येणारी उतरत जाणारी शिट्टी एफएमवर मिळणार नाही. ती वेगाने जवळ येणाऱ्या टोकाच्या डॉप्लर फरकाची, म्हणजे वेगामुळे बदललेल्या वारंवारतेची, शिट्टी असते आणि तिला एकसुरी लहर लागते. या शिट्टीचा शोध मात्र आपल्या देशाशी जोडलेला आहे: चमनलाल आणि वेंकटरामन यांनी १९४१ साली 'शिट्टी वाजवणाऱ्या उल्कां'वर निबंध प्रसिद्ध केला आणि तिचे कारण डॉप्लर परिणाम असल्याचे मांडले. उल्का हौसेने ऐकणाऱ्या प्रत्येक भारतीयाने ही दोन नावे लक्षात ठेवावीत असे मला मनापासून वाटते.

कान प्रशिक्षित झाला की मोजणी संगणकावर टाका. रात्रभर एकाग्र राहून मोजणे कोणालाच जमत नाही आणि पेंगुळलेल्या तासांचे आकडे फसवे असतात. दहा सेकंदाला एक नोंद करणारी साधने टाळा; प्रतिध्वनी त्यात विरघळून जातो. सेकंदाला दहा वेळा, निवडलेल्या वारंवारतेभोवतीच्या १५० किलोहर्ट्झमधली एकूण ताकद नोंदवा. त्याच वेळी, त्याच डोंगलच्या २.४ मेगाहर्ट्झच्या खिडकीत बसणारा एक पूर्ण रिकामा टापूही तसाच नोंदवा. हा दुसरा स्तंभ तुमचा साक्षीदार. वीज चमकली, शेजाऱ्याचा पंप सुरू झाला, फ्रिज बंद पडला तर दोन्ही स्तंभ एकदम उसळतात. उल्का आली तर फक्त पहिला.

तळ म्हणून मागच्या पाच मिनिटांचा मध्यांक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) धरा, सरासरी नव्हे. सरासरी एका मोठ्या प्रतिध्वनीने वर जाते. आकाशगंगा उगवते-मावळते तसा तळ सावकाश हलतो, चालता मध्यांक त्याच्याबरोबर हलतो. तळापेक्षा ३ डेसिबल वर आणि किमान ०.२ सेकंद टिकलेले ते एक प्रतिध्वनी. दोन उसळ्यांत एका सेकंदापेक्षा कमी फट असेल तर ती एकच उल्का माना, कारण लांब प्रतिध्वनी चढउतारात तुटल्यासारखा दिसतो आणि एकाचे पाच मोजले जातात. नवशिक्यांचे फुगलेले आकडे बहुतेक यातूनच येतात. तासागणिक तीन रकाने पुरे: एकूण संख्या, एका सेकंदाहून लांब किती, सर्वांत लांब किती सेकंद. घड्याळ इंटरनेटवरून जुळते ठेवा. रेडिओ उल्कांचे तासवार आकडे जगभर जागतिक वेळेत ठेवतात, म्हणून भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

फसवणाऱ्या गोष्टी आणखी आहेत. विमान: आवाज हळूहळू चढतो, सेकंदाला काही वेळा थरथरतो, अर्धा-एक मिनिट राहतो आणि हळूहळू उतरतो. उल्का एकदम चढते. मुंबईचे १०७.१ असेच थरथरत येईल. दुसरे, हिवाळ्यातल्या पहाटे थंड हवा खाली बसते तेव्हा तीन-चारशे किलोमीटरवरची केंद्रे तासन्‌तास ऐकू येतात. तिसरे, मे ते ऑगस्टमध्ये आयनांबराच्या (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाच्या) ई थराचे तात्पुरते दाट ढग. हजार-दीड हजार किलोमीटरवरचे केंद्र स्थानिक असल्यासारखे दहा मिनिटे ते दोन तास घुमते. असा तास वहीत 'बाद' लिहून सोडून द्या. त्यातून उल्का वेचण्याचा प्रयत्न करू नका.

सांगलीच्या बाजूला ऊसपट्ट्यात शेतीपंपांचे स्टार्टर आणि विजेच्या तारांवरचे तडकलेले चिनी मातीचे खापर (इन्सुलेटर) रात्री फार त्रास देतात. पहिल्या पावसात खापर धुऊन निघाले की बरेच शांत होते. उघड्या क्षितिजाच्या मोहाने चाळकेवाडीच्या पठारावर जावेसे वाटेल, पण पवनचक्क्यांची फिरती पाती जवळपासच्या केंद्रांचा आवाज तालात हलवतात. कास पठारावर तर खांब रोवायचा विचारही नको. तिथली माती आणि फुले आपल्या छंदापेक्षा कितीतरी मोलाची आहेत. आणि वळवाच्या दिवसांत, गडगडाट लांब असतानाच, केबल डोंगलमधून काढून घराबाहेर ठेवा.

वर्षावाची वाट पाहत बसू नका. कोणत्याही दिवशी पहाटे पाच ते सात ऐका. तेव्हा आपण पृथ्वीच्या पुढे सरकणाऱ्या तोंडावर असतो आणि सुट्या उल्का सर्वांत जास्त येतात; संध्याकाळी सहाच्या सुमारास सर्वांत कमी. पहाटेच्या दोन तासांत एकही प्रतिध्वनी मिळाला नाही तर कुठेतरी चूक आहे, आणि ती वर्षावाच्या रात्री सुधारणार नाही. वर्षावाआधी किमान एक आठवडा रोज मोजा. वर्षावाच्या तासातून त्या आठवड्यातल्या त्याच तासाची संख्या वजा केली की उरते ती वर्षावाची.

आता ययातीबद्दल. १२-१३ ऑगस्टला त्याचा उगमबिंदू (आकाशात जिथून उल्का येताना भासतात ती जागा) साताऱ्यात रात्री सव्वादहाच्या सुमारास उगवतो आणि सकाळी सव्वासहाला, सुमारे ५० अंशांवर, सर्वांत उंच असतो. डोळ्यांनी पाहणारा उजाडले की उठून जातो; तुम्ही सकाळी दहापर्यंत चालू ठेवा. एक सावधगिरी: या उल्का सेकंदाला ५९ किलोमीटर वेगाने येतात. वेगवान उल्का जास्त उंचीवर जळते, तिथे हवा विरळ, माग जन्मतःच रुंद, आणि १०० मेगाहर्ट्झला बारीक उल्कांचे प्रतिध्वनी मिळतच नाहीत. म्हणून ययातीच्या रात्री एकूण संख्या निराश करेल. 'एका सेकंदाहून लांब' हा रकाना पाहा, वर्षाव तिथे स्पष्ट उठून दिसतो. सिंहेचा नोव्हेंबरमधला वर्षाव, सेकंदाला ७१ किलोमीटर, याच कारणाने आणखी अवघड.

मिथुनेचा वर्षाव, १३-१४ डिसेंबर, रेडिओसाठी वर्षातला सर्वोत्तम. वेग फक्त ३५ किलोमीटर, माग खाली तयार होतात, बारीक उल्काही ऐकू येतात. उगमबिंदू संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास उगवतो आणि रात्री अडीचला जवळजवळ माथ्यावर, ७५ अंशांवर, पोहोचतो. इथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर यंत्र बिघडले असे वाटेल. डोळ्यांनी पाहणाऱ्याला अडीचला सर्वांत जास्त उल्का दिसतात. तुमचा आलेख मात्र त्या वेळी खाली बसेल. उगमबिंदू माथ्यावर असताना उल्का उभ्या पडतात, आणि उभा माग दिल्लीहून आलेली लहर साताऱ्याकडे वळवू शकत नाही. त्यासाठी तिरपा माग लागतो. म्हणून एक उंचवटा रात्री दहा ते साडेबाराच्या दरम्यान आणि दुसरा पहाटे साडेचार ते सातच्या दरम्यान येतो. पहिल्या उंचवट्याला उगमबिंदू पूर्वेला असतो आणि प्रतिध्वनी वाटेच्या पश्चिमेकडच्या आकाशातून येतात, दुसऱ्याला उलट. फिरवता येणारा खांब असेल तर अँटेना त्या त्या बाजूला १० अंश वळवून पाहा.

आणि जूनमध्ये एक वर्षाव आहे तो डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. मेषेचा, ७ जूनच्या आसपास. उगमबिंदू सूर्यापासून फक्त ३० अंशांवर, पहाटे चारला उगवतो, सकाळी साडेदहाला माथ्याजवळ. १९४७ साली इंग्लंडमध्ये जॉड्रेल बँकला रडारवरच तो सापडला. वेग चाळीसच्या आसपास, त्यामुळे १०० मेगाहर्ट्झला चांगला ऐकू येतो. पहाटे पाच ते सकाळी साडेआठ ही वेळ धरा. ई थराचा उपद्रव याच दिवसांत असतो, पण तो बहुधा उन्हे चढल्यावर वाढतो.

हे सारे फक्त ऐकण्याचे झाले. स्वतः प्रक्षेपण करून उल्केच्या मागावरून बोलायचे असेल तर हौशी रेडिओचा परवाना लागतो आणि त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. परवानाधारक मंडळी १४४ मेगाहर्ट्झला एमएसके१४४ ही पद्धत वापरतात; तिच्यात पूर्ण संदेश ७२ मिलिसेकंदांत मावतो आणि तो पंधरा सेकंद सतत पुन्हा पुन्हा पाठवला जातो, म्हणजे मध्ये कुठेही माग उमटला तरी एक प्रत पोहोचते. तिथे प्रतिध्वनी १०० मेगाहर्ट्झच्या तुलनेत निम्मा टिकतो. दिल्ली किंवा कोलकात्याचा कोणी परवानाधारक आधी वेळ ठरवून समोर असेल, तर पहिला प्रयत्न १४ डिसेंबरच्या पहाटे पाच वाजता करा.